गोव्यात गाडीचा सायलेन्सर वारंवार का फुटतो, आणि खरं कारण कसं शोधायचं

चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "गाडीचा आवाज वाढलाय." गाडी लिफ्टवर चढते, मागच्या डब्याला भोक सापडतं, पत्र्याचा तुकडा लावून वेल्डिंग होतं आणि गाडी गप्प होते. दिवाळीच्या आसपास तोच आवाज परत. या वेळी भोक जुन्या वेल्डिंगपासून बोटभर अंतरावर. पुन्हा तुकडा, पुन्हा वेल्डिंग. काही गाड्यांच्या डब्यांवर इतके तुकडे बसलेले असतात की मूळ पत्रा कुठला ते ओळखू येत नाही.

हे लिहितोय ते अशा गाडीवाल्यांसाठी. तोच भाग वर्ष-दीड वर्षात दुसऱ्यांदा गेला असेल, तर दुरुस्ती फक्त भोकाची झाली आणि कारण जागेवरच राहिलं असं समजावं. एक्झॉस्टमध्ये, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाईपांत आणि डब्यांत, जो भाग फुटतो तो बहुतेक वेळा स्वतः दोषी नसतो. दुसऱ्याच कुठल्या तरी बिघाडाचा मार त्याने खाल्लेला असतो. ते कळायचं तर आधी धुराची वाट माहीत हवी.

धुराची वाट

इंजिनाच्या हेडला चिकटून असतो तो मॅनिफोल्ड, बिडाचा ओतीव किंवा पाईप वेल्ड करून बनवलेला. सगळ्या सिलिंडरांतून येणारा जळका वायू तो एका पाईपात आणतो. हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पॅकिंग असतं आणि ते स्टडवरच्या नटांनी आवळलेलं असतं. त्याच्या पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत कॅट. जुन्या गाड्यांत तो सीटांच्या खाली कुठेतरी असायचा. आताच्या बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, कारण साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो काम सुरू करत नाही आणि इंजिनाजवळ असला की लवकर तापतो. आत सिरॅमिकची बारीक छिद्रांची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साईडचा कार्बन डायऑक्साईड करायचा, न जळलेलं पेट्रोल जाळून टाकायचं, नायट्रोजनच्या ऑक्साईडांतून साधा नायट्रोजन सोडायचा, ही त्याची कामं. शिशामुळे हा थर निकामी होतो. म्हणूनच १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला तेव्हा तिथे शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं, आणि २००० सालापासून ते देशभर मिळू लागलं.

कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिला इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो की पेट्रोल जास्त पडतंय की कमी. दुसरा कॅट काम करतोय की नाही ते बघतो. त्यापुढे फ्लेक्सी पाईप, म्हणजे आत घड्यांची नळी आणि वरून स्टीलच्या तारांची विणलेली जाळी. इंजिन सुरू असताना डोलतं, गाडीचा तळ डोलत नाही. हा फरक फ्लेक्सी सोसतो. मग पुढचा पाईप, मधला डबा म्हणजे रेझोनेटर, मागच्या ॲक्सलवरून वळण घेऊन मागचा डबा म्हणजे मफलर, आणि शेवटी टेलपाईप. फ्लेक्सीच्या मागचा हा सगळा लांबलचक पाईप गाडीच्या तळाला रबरांवर लटकलेला असतो. पाच-सहा रबरं, बस. त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

मागचा डबा कसा बिघडतो ते समजायला त्याच्या आत काय आहे ते ठाऊक हवं. आत पत्र्याच्या आडव्या भिंती घालून दोन-तीन खोल्या केलेल्या असतात, त्यांतून छिद्रं पाडलेल्या नळ्या जातात, आणि पुष्कळ डब्यांत आवाज शोषायला काचतंतूंची लोकर भरलेली असते. वायू या खोल्यांतून वळसे घेत जातो आणि आवाजाच्या लाटा एकमेकींना मारतात. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी बऱ्याच गाड्यांना एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, आगकाडीच्या टोकाएवढं. हे छिद्र कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. ते लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

डबा आतून सडतो

गोव्यात सायलेन्सर सडला की सगळे खाऱ्या वाऱ्याला बोल लावतात. वारा दोषी आहेच. पण कळंगूटला समुद्रासमोर उभी राहणारी रोज मडगावला धावणारी गाडी आणि वाळपईला समुद्रापासून लांब पण फक्त बाजारापर्यंत जाणारी गाडी यांची तुलना केली, तर वाळपईच्या गाडीचा मागचा डबा आधी गेलेला दिसू शकतो. कारण डबा सडतो तो मुख्यतः आतून, पाण्याने.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात, पण पाणीच. गाडी गरम असेल तर ती वाफ टेलपाईपमधून बाहेर जाते. गाडी थंड असेल तर मागच्या डब्याच्या गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि तळाला साचतं. दुकान तीन किलोमीटरवर आहे, गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते, म्हणजे जाताना दोनशे मिलिलिटर पेट्रोल जळलं आणि जवळजवळ तेवढंच पाणी निघालं. तेवढ्यात इंजिन गरम झालेलं असतं, कॅट तापलेला असतो, पण सर्वांत शेवटी असलेला मागचा डबा नीट तापायला पंधरा-वीस मिनिटांची सलग धाव लागते. म्हणून या पाण्यातला बराच भाग आतच राहतो. शिवाय हे पाणी शुद्ध नसतं, जळक्या वायूंमुळे ते आंबट होतं. बीएस ६ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाचं सरकारी मानक) च्या पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांवर आणलंय, बीएस ४ मध्ये पन्नास भाग चालत होतं, त्यामुळे आम्ल पूर्वीपेक्षा कमी झालं. पण पाणी तेवढंच आहे, आणि नायट्रोजनच्या ऑक्साईडांपासून होणारं आम्लही पूर्ण गेलेलं नाही.

सडलेला डबा कटरने कापून बघण्याची संधी मिळाली तर जरूर बघा. बाहेरून रंग शाबूत असतो. आतल्या तळाला लाल-काळे पापुद्रे सुटलेले असतात, बोटाने उचलले की हातात चुरा होतो. लोकर ओली, काजळीने काळी, मुठीत दाबली की काळं पाणी गळतं. मधल्या भिंतीचा खालचा भाग गायब, वरचा अर्धा ठणठणीत. पाण्याची रेघ कुठपर्यंत होती ते पत्र्यावर स्पष्ट दिसतं. हे बघितलं की बाहेरून तुकडा लावण्याचा उपयोग किती ते वेगळं सांगावं लागत नाही.

यात सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे उभी गाडी पाच मिनिटं चालू करून बंद करणं. गोव्यात तारवटींच्या घरी हे घडतं. घरचा माणूस सहा-आठ महिने जहाजावर, गाडी अंगणात, आणि बॅटरी उतरू नये म्हणून घरचे दर रविवारी चावी फिरवतात. हेतू चांगला आहे, पण थंड इंजिनात पेट्रोल जास्त पडतं, पाणी जास्त होतं, आणि उभ्या गाडीत मागचा डबा कधी तापतच नाही. दर रविवारी डब्यात थोडं पाणी ओतल्यासारखं होतं. परत आल्यावर तारवटी बघतो तर गाडी कमी चाललेली असूनही डबा गेलेला. अशा गाडीला पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी पंचवीस-तीस मिनिटं सलग फिरवून आणावं. ते जमत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी आणि गाडी चालूच करू नये.

आता ते छिद्र. डब्यात साचलेलं पाणी गळून जावं म्हणून ते ठेवलेलं असतं, पण तीन गोष्टी होतात. काजळीने आणि तांबड्या चिखलाने ते बुजतं. वरून अंडरबॉडी कोटिंग मारताना झाकलं जातं. किंवा वेल्डिंग करणारा त्यातून हवा येते म्हणून ते बंद करून टाकतो. या तिसऱ्या प्रकाराने नव्या डब्यांचीही वाट लागलेली असते. गाडी पूर्ण थंड असताना डब्याच्या खालच्या बाजूला हात फिरवून छिद्र शोधा, बारीक तार घालून मोकळं करा. काळं पाणी आलं तर रोग सापडला. मात्र तुमच्या डब्याला मुळात छिद्रच नसेल तर ड्रिल घेऊन बसू नका. आतली नळी कुठून जाते ते माहीत नसताना पाडलेलं भोक नवा आवाज सुरू करतं.

सकाळी टेलपाईपमधून पाणी ठिबकताना दिसलं म्हणून घाबरू नये. पाणी बाहेर येतंय ही चांगली खूण आहे. काळजी तेव्हा करावी जेव्हा गाडी पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहतो, गोडसर वास येतो आणि कूलंटची पातळी उतरते. तो हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन आणि हेडच्या मधल्या पॅकिंगचा मामला असू शकतो, आणि तो कॅटलाही मारतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त पडतंय.

बाहेरून काय खातं

बाहेरचा गंज वेगळा ओळखता येतो. तो क्लॅम्पवर, फ्लॅंजच्या (पाईपांच्या जोडाच्या चकत्यांच्या) नट-बोल्टांवर, रबर अडकवायच्या सळयांवर आणि डब्याच्या दुमडलेल्या कडेवर आधी दिसतो. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेतलं मीठ तिथे बसतं, पावसाळ्यात तांबडी माती त्यावर थापली जाते आणि तो चिखल ओल धरून ठेवतो. खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या) बांधावरच्या रस्त्यांवर भरतीचं पाणी आलं की चाकं ते थेट तळावर उडवतात.

फेरीबोटीने रोज जाणाऱ्या दिवाडी-चोडणच्या गाड्यांना दुहेरी त्रास. मांडवीचं पाणी तिथे खारट असतं, विशेषतः उन्हाळ्यात, आणि धक्क्यावरचा ओला भाग ओलांडताना ते खाली लागतं. शिवाय ओहोटीला रॅम्पचा उतार बदलतो आणि बोटीवर चढता-उतरताना पुढचा पाईप किंवा फ्लेक्सी लोखंडी कडेवर घासतो. घासल्याचा आवाज आला की त्याच दिवशी खाली वाकून बघा. पाईप चेपला असेल तर वायूची वाट अरुंद होते, आणि फ्लेक्सीची जाळी फाटली असेल तर आतली नळी फार दिवस टिकत नाही. अशा गाडीचा तळ आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावा, पण गाडी थंड झाल्यावर. तापलेल्या कॅटवर एकदम गार पाणी पडलं तर आतलं सिरॅमिक तडकू शकतं.

रबर कोटिंगवाल्याला सायलेन्सरवर हात फिरवू देऊ नका. ते जळतं, घरभर वास येतो आणि पत्र्याला काहीच संरक्षण मिळत नाही. बाहेरून रंगवायचंच असेल तर जास्त तापमानाचा ॲल्युमिनियम रंग मिळतो, तो वेल्डिंगच्या जागी जरूर मारावा.

आवाज ऐकून भाग ओळखा

गॅरेजमध्ये जाण्याआधी दहा मिनिटं कान देऊन ऐका. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळचं पहिलं स्टार्टिंग यासाठी सर्वांत चांगलं. बॉनेट उघडं ठेवा, दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा.

इंजिनाजवळून टिक-टिक येते, ॲक्सिलरेटर दाबला की वाढते आणि पाच-दहा मिनिटांनी कमी होते: मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय, एखादा स्टड तुटलाय किंवा मॅनिफोल्डला तडा आहे. लोखंड तापून फुगतं आणि फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. पुष्कळजण याला टॅपेटचा आवाज समजून ऑईल बदलत बसतात. फटीजवळ काळी काजळीची रेघ दिसली तर शंका नको. पुढच्या सीटांच्या खालून भसाभसा आवाज म्हणजे फ्लेक्सी. मागून घुमणारा जाड आवाज म्हणजे मागचा डबा. खड्ड्यावर ठक-ठक म्हणजे रबर सुटलंय.

खळखळ मात्र फसवी असते. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, पत्रा थरथरल्यासारखी खळखळ येत असेल तर आधी हीट शील्ड बघा. पाईपावरचा तो पातळ पत्रा, त्याची बोल्टची भोकं गंजून मोठी होतात. मोठं वॉशर घालून किंवा स्टीलचा होज क्लॅम्प आवळून तो पक्का बसवता येतो. काढून फेकू नका. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावरच्या वाळल्या गवतात गाडी उभी केली की त्या पत्र्याची किंमत कळते. तापलेल्या पाईपाला गवत लागून आग लागू शकते. हीट शील्ड घट्ट असूनही खळखळ येत असेल, तर गाडी थंड असताना कॅटवर मुठीने हलकेच ठोका. आत खडे हलल्यासारखं वाटलं तर सिरॅमिक फुटलंय, आणि त्याचे तुकडे पुढे डब्यात जाऊन वाट अडवतात.

बारीक गळती सापडत नसेल तर ही पद्धत वापरा. गाडी बंद आणि थंड. व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू टेलपाईपला लावा, फट जुन्या कपड्याने बंद करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारत पुढे जा. जिथे बुडबुडे तिथे गळती. इंजिन चालू नसल्याने भाजण्याचा किंवा धुराचा धोका नाही. खाली शिरायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून अजिबात शिरू नका; स्टॅंड लावा, नाहीतर गॅरेजचा रॅम्प गाठा.

फ्लेक्सी पुन्हा फाटला तर इंजिन माउंटिंग बघा

फ्लेक्सी एकदा बदलला आणि वर्षभरात परत फाटला, अशी गाडी असेल तर फ्लेक्सी सोडून द्या आणि इंजिनाच्या माउंटिंगकडे वळा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. ते रबर फाटलं की गिअर बदलताना इंजिन मागेपुढे उसळतं आणि प्रत्येक उसळीला फ्लेक्सी पिळला जातो. बघायची रीत सोपी: बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, आत बसलेल्याने ब्रेक घट्ट दाबून क्लच अगदी थोडा सोडायचा. इंजिन थोडंसं झुकलं तर ठीक, झटक्याने उचललं गेलं तर माउंटिंग गेलंय. त्या वेळी गाडीच्या समोर कोणी उभं राहू नये, बाजूने बघावं.

दुसरं कारण मागचं तुटलेलं रबर. एक रबर गेलं की मागच्या पाईपाचं वजन पुढे येतं आणि ते सगळं फ्लेक्सीला तोलावं लागतं. तिसरं कारण बसवण्याची घाई: पाईप ओढून-ताणून नट आवळलेले असतील तर फ्लेक्सी पहिल्या दिवसापासून वाकलेला असतो. योग्य रीत म्हणजे सगळे जोड सैल ठेवून पूर्ण पाईप रबरांवर लटकवायचा, सरळ आणायचा, मग पुढून मागे एकेक जोड आवळत जायचं.

आणि एक गोष्ट कुणी सुचवली तरी मान्य करू नका: "फ्लेक्सी महाग आहे, सरळ पाईप घालू." आवाज थांबतो, पण इंजिनाचं सगळं डोलणं मग मॅनिफोल्डवर जातं आणि पुढचा तडा तिथे जातो. तो भाग कितीतरी महाग, आणि आताच्या गाड्यांत त्यालाच कॅट जोडलेला.

चेक इंजिनचा दिवा सारखा लागतो तेव्हा

सेन्सर बदलला, महिन्याभराने दिवा पुन्हा. असं झालं तर आणखी एक सेन्सर विकत घेण्याआधी पहिल्या सेन्सरच्या पुढे-मागे गळती आहे का ते बघा. एक्झॉस्टमधला दाब सारखा नसतो, तो ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो कॉम्प्युटरला सांगतो की पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, जास्तीचं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅट अति तापतो. एका स्वस्त पॅकिंगपायी सगळ्यांत महागडा भाग जातो, आणि मेहनत मात्र सेन्सर बदलण्यात.

स्कॅनरवर पी०४२० हा कोड आला की कॅटची क्षमता कमी झालीय असा त्याचा अर्थ. तो आला म्हणून लगेच कॅट बदलू नका. आधी गळती, मग दुसऱ्या सेन्सरचं रीडिंग. कॅट शाबूत असेल तर गरम इंजिनावर दुसऱ्या सेन्सरची रेघ बरीच स्थिर राहते. तीही पहिल्यासारखी वर-खाली नाचत असेल तर कॅट खरंच थकलाय. आणि थकला असेल तर का थकला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. एक कॉईल किंवा प्लग मिसफायर करत असेल, म्हणजे ठिणगी चुकवत असेल, तर कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन सिरॅमिक वितळवतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर बहुतेक हेच चाललेलं असतं. तेव्हा गाडी बाजूला घ्यायची, घरापर्यंत रेटायची नाही. इंजिन ऑईल खात असेल तर त्या ऑईलमधला फॉस्फरस कॅटवर थर चढवतो. दोन्ही दोष तसेच ठेवून नवा कॅट बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार.

गाडी घाटात चढेना, ॲक्सिलरेटर दाबूनही पुढे सरकेना, तर वाट तुंबली असण्याची शक्यता आहे: वितळलेला कॅट किंवा डब्यात कोसळलेली भिंत. पहिला सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावलं की समजतं. आयडलवर साधारण दीड पीएसआयच्या वर दाब दिसला तर पुढे काहीतरी अडलंय.

कॅट काढून त्या जागी नळी घालणं हा इलाज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या आणि आवाजाच्या नियमांचा भंग होतो, आणि त्याहून महत्त्वाचं, ते विष आपल्याच गावच्या अरुंद रस्त्यांवर घरांच्या दारात सोडलं जातं. पीयूसी मिळालं म्हणजे एक्झॉस्ट ठीक, असंही समजू नये. बीएस ४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ०.३ टक्के आहे. गळतीतून हवा मिसळली तर टेलपाईपवरचं रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतं.

बीएस ६ डिझेलवाल्यांना एक वेगळा भाग सांभाळायचा असतो, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो काजळी साठवतो आणि सुमारे ६०० अंशांना ती जाळून स्वतःला साफ करतो. बाजार-शाळा एवढ्याच फेऱ्या असतील तर ती संधीच मिळत नाही. त्याचा दिवा लागला की पणजी-मडगाव रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत गाडी चालवा, मध्येच बंद करू नका. तरी दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटर.

गाडीच्या आत धुराचा वास आला तर

इथे थांबून विचार करायचा नाही, गाडी थांबवायची. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. वास येतो तो इतर वायूंचा, म्हणजे धूर आत शिरतोय एवढं निश्चित. डोकं जड होणं, मळमळणं, झोप येणं ही लक्षणं मागच्या सीटवरच्या मुलांना आधी जाणवू शकतात आणि आपण ती गाडी लागल्याची समजतो. मागची डिकी अर्धवट उघडी ठेवून सामान नेताना चालत्या गाडीत मागून धूर आत ओढला जातो. गळती असलेली गाडी एसी लावून, काचा बंद करून रात्री किनाऱ्यावर उभी करायची आणि आत झोपायचं, यात जीव जातो. बंद गॅरेजमध्ये तर गळती नसलेली गाडीही चालू ठेवू नये.

काय घ्यायचं, काय सांगायचं

स्वस्त डबे साध्या पोलादाचे, त्यापेक्षा बरे ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पोलादाचे. या दुसऱ्या प्रकारात वेल्डिंगच्या उष्णतेने थर जळून जातो आणि उघडी पडलेली पट्टी सर्वांत आधी गंजते. जुन्या वेल्डिंगच्या बाजूलाच नवं भोक पडतं ते यामुळे. म्हणून पत्रा जाड आणि शाबूत असेल, एखादीच जागा घासून किंवा दगड लागून फुटली असेल, तेव्हाच वेल्डिंग करावं आणि वर लगेच रंग मारावा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर सगळीकडे ठोकून बघा: खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, बद्द आवाज आला आणि आत चुरा पडल्याचं ऐकू आलं तर वेल्डिंगचे पैसे देऊ नका, डबा बदला.

किनाऱ्यालगत राहत असाल आणि गाडी अजून पाच-सात वर्षं ठेवायची असेल तर स्टेनलेसचा विचार करा. कंपनीच्या बऱ्याच एक्झॉस्टमध्ये असतो तो ४०९ प्रकार, सुमारे ११ टक्के क्रोमियमचा. वरून तांबूस होतो पण टिकतो, आणि लोहचुंबक त्याला चिकटतं. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, चुंबक जवळपास चिकटत नाही. दुकानदार ३०४ सांगत असेल तर खिशातल्या छोट्या चुंबकाने खात्री करून घ्या. खाऱ्या हवेत ३०४ वरही बारीक डाग पडतात, तेव्हा गोड्या पाण्याने धुणं सुटत नाही.

वेल्डिंगला बसण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आहे का ते स्वतः बघा. नाहीतर सेन्सर आणि कॉम्प्युटरला धक्का बसू शकतो. मागच्या डब्याच्या आसपास पेट्रोलची टाकी आणि प्लास्टिकच्या नळ्या असतात, म्हणून पाईप शक्यतो गाडीतून काढूनच वेल्ड करायला सांगा. जुना कॅट बदलला तर तो परत मागून घ्या. आतल्या धातूंमुळे त्याला भंगारातही चांगली किंमत असते. रबरं सगळी एकदम नवी टाका, नवीन डबा आणि जुनी चिरलेली रबरं अशी जोडी टिकत नाही. पॅकिंग पुन्हा वापरू देऊ नका.

काम झाल्यावर गाडी आठवडाभर चालू द्या. तापून-थंड होऊन जोड बसतात आणि क्लॅम्प किंचित सैल होतात. मग थंड गाडीवर सगळे क्लॅम्प एकदा परत आवळून घ्या, साबणाचं पाणी पुन्हा फिरवा, आणि मागच्या डब्याचं छिद्र उघडं आहे ना ते तारेने बघा.